पेढ्यावरचा चारमिनार

पेढा माझ्या ओठांपर्यंत आला होता. तिथून मी तो परत नेला.

मला ओळखणारा माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. समोर उभे असलेले गुरुजी मला चांगलेच ओळखतात, त्यामुळं त्यांचा चेहरा उतरला. नातीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून ते बाजारात पेढे वाटत फिरत होते.

"काहून? शुगर निघाली का तुमाला?"

"गुरुजी, हा पेढा कुठला?"

"औंढ्याचा. देवळाच्या गल्लीतल्या गयाबाईचा. वास येऊन राहिला का?"

मी खिशातून भिंग काढलं, पेढा उजेडात धरला आणि बघत बसलो. गुरुजी थोडा वेळ थांबले. मग डबा बंद करून हळूच निघून गेले. दुसऱ्या दिवशी हिंगोलीत बातमी होती की नाणेवाल्याचं डोकं फिरलंय, पेढे भिंगातून बघतो.

तर मी तो नाणेवाला. हिंगोलीत माझं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक तिजोरी आणि शांतपणे ऐकून घेण्याची सवय. ही सवय फार लागते. कारण रोज निदान एक तरी माणूस ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट घेऊन येतो आणि मी तिचे लाखो रुपये का देत नाही, याचा जाब विचारतो. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला असतो. मी तो व्हिडिओ बघितलेला नसतो, म्हणून मी चोर.

खरा हिशोब साधा आहे. शौकीन माणूस एखाद्या नाण्याला बाजारभावाच्या वर पैसे देतो, ते नाणं जुनं आहे म्हणून नाही. जुना तर माझ्या दुकानासमोरचा कडुलिंबही आहे. नाणं मुळात कमी सापडणारं हवं आणि त्याची कंडिशन चांगली हवी. म्हणजे घासलेलं नको, भोक पाडलेलं नको, कडी लावलेलं नको. आपल्याकडं घरोघरी निजामाचे रुपये निघतात. पण कुणी त्याला भोक पाडून लेकराच्या गळ्यात घातलेलं असतं, कुणी दर दिवाळीला राखेनं घासून त्याचा आरसा केलेला असतो. मला दाखवताना अभिमानानं सांगतात, "बघा, कसा चमकून राहिला!" मी मान हलवतो आणि आतल्या आत रडतो.

आता पेढा. त्या पेढ्यावर चारमिनार होता. निजामाच्या रुपयावर असतो तोच. चार मिनार, मधली कमान, भोवती फारसी अक्षरं. यात काही विशेष नाही असं तुम्ही म्हणाल. एखाद्यानं रुपया पेढ्यावर दाबला असेल.

घरी कणकेच्या गोळ्यावर नाणं दाबून बघा. चित्र खोलगट उमटेल आणि अक्षरं उलटी. या पेढ्यावर चित्र उठावदार होतं. अक्षरं सुलटी. म्हणजे ज्या ठशानं ते उमटलं, त्या ठशावर चारमिनार खोल गेलेला होता आणि अक्षरं उलटी होती. आणि आकार बरोबर रुपयाएवढा.

असं नाणं असतं. दुर्मिळ, पण असतं. टाकसाळीत दोन पोलादी ठसे असायचे, एक खाली, एक वर. त्यांना डाय म्हणतात. मध्ये चांदीची कोरी चकती ठेवायची, वरून दणका द्यायचा, नाणं तयार. कधी कधी तयार झालेलं नाणं वरच्या डायलाच चिकटून बसायचं. कामगाराच्या लक्षात यायचं नाही. तो पुढची चकती ठेवायचा. दणका बसला की या चकतीच्या एका बाजूवर चारमिनार नीट उमटायचा आणि दुसऱ्या बाजूवर, वर चिकटलेल्या नाण्यामुळं, तोच चारमिनार उलटा आणि खोल. याला ब्रॉकेज म्हणतात. ही सरकारी चूक. सरकारी चुकीला आनंदानं पैसे देणारी माणसं फक्त आमच्या धंद्यात भेटतात.

तो पेढा मी खाल्ला नाही. फ्रिजमध्ये ठेवला. बायकोनं खाल्ला. मी औंढ्याची बस पकडली.

देवळाच्या गल्लीत दुतर्फा प्रसादाची दुकानं आहेत. गयाबाईचं दुकान सगळ्यांत अरुंद. बाई साठीच्या पुढची. कढईतला खवा उलथण्यानं हलवत होती, पण डाव्या हातानं. उजवा हात अंगाशी धरलेला.

"मावशी, तुमचा पेढ्याचा ठसा बघायला मिळेल का?"

"काहून?"

"नक्षी छान आहे."

"मग खाऊन बघा. नुसतं बघायला समोर एवढं मोठं देऊळ हाय की."

तेवढ्यात दर्शनाला आलेल्या एका ताईंनी पेढा हातावर घेतला. "अय्या, नागनाथाचं देऊळ किती सुरेख काढलंय!" म्हणाल्या आणि किलोभर घेऊन गेल्या. मी मावशींकडं बघितलं. मावशींनी कढईकडं बघितलं.

"मावशी, तो चारमिनार आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय? आमच्या आजेसासऱ्यानं निजामाच्या राज्यात दुकान टाकलं. पण ज्याला जे दिसतं ते दिसू द्यावं, भाऊ. पेढा गोडच लागतो."

अर्धा किलो पेढे घेतल्यावर ठसा हातात मिळाला. बाभळीची मूठ, वर्षानुवर्षं तूप पिऊन काळी झालेली. मुठीच्या टोकाला खळगा, खळग्यात लाख, लाखेत बसवलेली चांदीची चकती. वरच्या बाजूला खोल गेलेला, उलटा चारमिनार. भिंगाखाली मी तो बघितला. मधल्या कमानीतलं निजामाच्या नावाचं बारीकसं अक्षरसुद्धा स्वच्छ. खवा मऊ असतो, तूप वंगण असतं. कुठं म्हणून झीज नव्हती.

पण मी दुकानदार आहे, लगेच नाचत नाही. कारण हा ठसा दोन प्रकारचा असू शकत होता. खरा ब्रॉकेज असेल तर लाखेत बुडालेल्या मागच्या बाजूवर उठावाचा चारमिनार निघायला हवा. नाही तर एखाद्या सोनारानं मऊ चांदीवर रुपया ठोकून बनवलेला साचा असेल. तेव्हा मागची बाजू कोरी. पहिल्याला शौकीन वाट्टेल ते देतील. दुसऱ्याला मोडीचा भाव. ओळखायचं कसं? मागची बाजू बघून. मागची बाजू कुठं? लाखेत.

मी सगळं मावशींना खरं खरं सांगितलं. धंद्यात हे करायचं नसतं म्हणतात. पण समोर बाई डाव्या हातानं खवा हलवत असताना खोटं बोलायला जीभ रेटेना.

त्यांनी उलथणं ठेवलं. "मशीन येईल का त्याच्यात?"

"कसलं मशीन?"

त्यांनी हनुवटीनं समोर दाखवलं. समोरचं दुकान बाबारावचं, त्यांच्या चुलत दिराचं. तिथं खव्याचं मशीन फिरत होतं. मोठी कढई, वर मोटर, पातं आपोआप गोल फिरतंय. बाबाराव शेजारी बसून दात कोरत होता.

"खांदा गेला माझा," मावशी म्हणाल्या. "रात्री कूस बदलता येत न्हाई. पोरगं पुण्याला कंपनीत, ते काय येत न्हाई आता. दिवाळीपर्यंत मशीन आलं तर दुकान. न्हाई तर कुलूप."

"खरा निघाला तर मशीन येईल," मी म्हणालो. "खोटा निघाला तर काहीच नाही."

"आणि लाख काढून परत नीट बसला न्हाई तर?"

त्यांची भीती खरी होती. बाबारावच्या पेढ्यावर नुसती बोटाची खूण असायची. त्याचा खवा बरा, पण गिऱ्हाईक चारमिनारवाला पेढा मागायचं. देऊळवाला म्हणून मागायचं, ते सोडा. ठसा बिघडला तर मावशींकडं खांदाही नाही आणि ठसाही नाही.

मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. हे हाडांचे डॉक्टर, माझं सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत छळणारं गिऱ्हाईक. निजामाच्या नाण्यांसाठी जीव टाकतात. मी फोटो पाठवला. ते किंचाळले. पेशंट समोर असावा, कारण मागून कुणीतरी "काय झालं डॉक्टर?" असं घाबरून विचारलं.

"ब्रॉकेज! दुसऱ्या बाजूचा फोटो पाठवा."

"दुसरी बाजू लाखेत आहे."

"मग काढा."

"काढायची तर आधी सौदा पक्का करा, ठसेवाल्या बाई म्हणतायत."

"बाजू बघितल्याशिवाय सौदा कसा होईल?"

"सौदा झाल्याशिवाय बाजू कशी दिसेल?"

हे असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मावशींनी माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"तुमी हाडाचे डॉक्टर का? नाण्याचं ऱ्हाऊ द्या. माझा उजवा खांदा वर व्हत न्हाई."

मग डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे काढा. दोन्ही बाजूंनी."

मावशींनी मोबाइल परत दिला. "ह्या माणसाला दोन्ही बाजू बघितल्याबिगर काहीच बोलता येत न्हाई वाटतं."

शेवटी मावशींनीच तोड काढली. आधी हुबेहूब दुसरा ठसा करून आणा. त्याच्यावर पेढे नीट उमटले, गिऱ्हाइकानं ओळखले न्हाईत, तर मग जुन्याची लाख काढू. आणि तेही श्रावण सरल्यावर. श्रावणात औंढ्याला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत ठशाला हात लावायचा नाही.

"आणि खर्च?" मी विचारलं.

"भाऊ, गरज कोनाची हाय?"

गरज माझीच होती. मी मेणात ठशाचा छाप घेतला आणि हिंगोलीतल्या एका कारागिराकडं गेलो. पितळी शिक्के, नेमप्लेट, मंदिराच्या घंटेवरची नावं, सगळं तो करतो. मी त्याला बजावलं. "जसं आहे तसं. काही बदलायचं नाही." त्यानं मान डोलावली. आपल्याकडं मान डोलावणं म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ असतो.

ठसा घेऊन मी औंढ्याला गेलो. मावशींनी पेढा दाबला. चारमिनार उठावदार आला. अक्षरं मात्र सगळी उलटी. मी परत हिंगोलीला.

"हे काय केलंस?"

"साहेब, मेणात अक्षरं बघितली. ठशात उलटी येत होती, म्हणून पाडताना सुलटी करून टाकली. तुमच्या ध्यानात आलं नसंल. त्याचे जास्तीचे पैसे लावले न्हाईत."

मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. परत आत गेलो. त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसलो आणि पुढचा ठसा पूर्ण होईपर्यंत हललो नाही. तो दर थोड्या वेळानं विचारायचा, "उलटीच ठेवू ना? बघा हां, लोक हसतील." मी म्हणायचो, "हसू दे."

दुसरा ठसा बरोबर आला. फक्त मेणात एक बुडबुडा राहिला होता, त्यामुळं उजवीकडच्या एका मिनाराचं टोक जरा बोथट. नवीन पितळेला खवा चिकटत होता, तेव्हा मावशींनी तो आठवडाभर तुपात बुडवून ठेवला. मग निघू लागला. त्यांनी एका सोमवारी मुद्दाम दोन्ही ठशांचे पेढे एका परातीत मिसळून विकले. कुणी काही बोललं नाही. फक्त बाबाराव पलीकडून येऊन एक पेढा निरखून गेला. त्याचं लक्ष सगळीकडं असतं.

मी फुशारकीनं पितळी ठसा उचलून मावशींना दाखवला. "हा ठेवा कामाला. श्रावण सरला की अस्सल मला द्या. एक सांगतो मावशी, आमच्या धंद्यात नकलेला काडीची किंमत नसते. अस्सल ते अस्सल."

"काडीची बी न्हाई?"

"काडीची बी न्हाई."

हे वाक्य मी उगाच बोललो. पुढं सांगतो का ते.

श्रावण सरला. औंढ्याच्याच बाजारात रज्जाकभाई लाखेच्या बांगड्या करतात. त्यांच्या घराण्यात हेच काम चालत आलंय. लाख त्यांच्याइतकी हळुवार कुणी गरम करणार नाही, म्हणून त्यांच्याकडंच जायचं ठरलं. शेगडीत कोळसे फुलले होते. मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मोबाइलच्या व्हिडिओवर डॉक्टर, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर टोपी घालून. आणि न बोलावता बाबाराव.

"तू काहून आला?" मावशींनी विचारलं.

"वहिनी, घरचा माणूस नको का एखादा?"

रज्जाकभाईंनी मूठ निखाऱ्यावर धरून फिरवायला सुरुवात केली. डॉक्टर फोनमधून ओरडत होते, "हळू! हळू! चांदी तापवू नका!"

"साब को बोलो, चुप बैठो," रज्जाकभाई माझ्याकडं न बघता म्हणाले. "मेरेकू लाख से बात करने दो."

लाख चकाकली. फुगली. रज्जाकभाईंनी चिमट्यानं कड धरली आणि अलगद उचलली. चकती सुटली. कडेला खाचा दिसल्या, नाण्याच्या कडेला असतात तशाच. साच्याला कशाला कोण खाचा पाडेल?

मागच्या बाजूला अजून लाखेचा थर होता. बाबाराव म्हणाला, "चिंच लावा. एका मिनिटात लख्ख."

मी असा ओरडलो की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. चिंच! इतकी वर्षं लाखेत गादीवर झोपावं तशी झोपलेली बाजू, ना हवा लागली, ना हात लागला, आणि हा तिला चिंच लावायला निघाला. मी स्पिरिट आणलं होतं, कापूस आणला होता. थेंब थेंब टाकून पुसायला लागलो.

आधी एका मिनाराचं टोक दिसलं. उठावाचं. मग दुसरं. मग कमान.

"आहे!" मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी उठून एक गिरकी घेतली. या वयात, या पोटानिशी. "मावशी, खरा आहे! ब्रॉकेज! आलं तुमचं मशीन!"

मावशींनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. डावा वर गेला, उजवा अर्ध्यावर थांबला. फोनमधून डॉक्टर टाळ्या वाजवत होते. बाबारावचा चेहरा पडला होता.

मी खाली बसून उरलेली लाख पुसली आणि मग मला रेघा दिसल्या.

पहिल्यांदा वाटलं, लाखेचे धागे आहेत. पुसले. गेले नाहीत. परत पुसले. रेघा खोल होत्या. आडव्या, मग उभ्या, सगळ्या चारमिनारावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पापडाच्या जाळीसारख्या. कुणीतरी कानस घेऊन, अगदी मन लावून, एकही जागा न सोडता, त्या बाजूची जाळी करून टाकली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

रज्जाकभाईंनी नाणं हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! क्या काम किया है! चिकनी चांदी पे लाख पकडती नै साब. जाली मारनाच पडता. देखो ना, कैसी बराबर मारी है. इसलिए इत्ते साल हिली नै."

"आजेसासरे कामाचे पक्के व्हते," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

मी भिंतीला टेकलो. माझ्या समोर हा असा खजिना होता. एका बाजूला टाकसाळीची सुंदर चूक, जशीच्या तशी. दुसऱ्या बाजूला तिच्याहून सुंदर काम, ज्यानं ती चूक मातीत घातली. आणि मी वगळता सगळ्यांना त्या कामाचा अभिमान.

"काय झालं? दाखवा!" डॉक्टर.

मी फोन नाण्यावर धरला. डॉक्टरांनी चेहरा स्क्रीनला लावला.

"कशानं केलं हे?"

"कानशीनं."

"कुणी?"

"पक्क्या माणसानं."

डॉक्टरांनी टोपी काढली. "माझा अल्बम दोन्ही बाजूंनी बघायचा असतो. हे मी कुणाला दाखवू? हौस म्हणून घेईन, चांदीच्या भावात." आणि फोन बंद.

चांदीचा भाव म्हणजे एका रुपयाएवढ्या चांदीचा भाव. मशीनचं एक पातंसुद्धा आलं नसतं. मला मावशींकडं बघवेना. गिरकी घेऊन मशीन जाहीर करणारा मीच होतो. "मावशी," मी म्हणालो, "मागची बाजू गेली आहे. किंमत उरली नाही."

त्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं. पदरानं पुसलं. मी नको म्हणायलाही तोंड उघडलं नाही, आता काय राहिलं होतं. खोल चारमिनाराची बाजू वर करून बघितली.

"पेढ्याला पाठ दिसत न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "रज्जाकभाई, बसवा परत. जाळी हाय, पकडंल चांगली."

"हौ, अभी के अभी."

मुठीच्या खळग्यात नवी लाख भरली जात होती. मी मुकाट्यानं कापूस गोळा करत होतो. तेवढ्यात बाबाराव खाकरला.

"वहिनी, मग तो पितळी ठसा आता काही कामाचा न्हाई ना?"

मावशींनी वळून बघितलं. त्यांचे डोळे जरासे बारीक झाले. बस स्टँडवर दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई मी बघितली आहे, पण हे काही और होतं.

"काहून?"

"न्हाई, म्हणलं, पडूनच ऱ्हाईल तर मला द्यावा. घरच्या घरी."

"घरच्या घरी म्हणतो, तर तुझं मशीन बी घरचंच की."

"म्हणजे?"

"रोज सकाळी माझं दूध तुझ्या मशीनमधी फिरंल. आधी माझं, मंग तुझं. गॅस माझा मी भरीन. अन् ठसा तुझ्याकडं."

बाबारावनं डोकं खाजवलं. मशीनकडं मनातल्या मनात बघितलं, ठशाकडं बघितलं. "रोज?"

"माझे हात चालतात तवर."

"बरं," तो म्हणाला.

मला इथं राहवलं नाही. "अहो मावशी, तो ठसा मी करून आणलाय! दोनदा! माझ्या पैशानं! मी त्या माणसाच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो!"

मावशींनी अतिशय प्रेमानं माझ्याकडं बघितलं.

"पन तुमीच म्हणले व्हते ना भाऊ, नकलेला काडीची किंमत नसते? मंग काडीसाठी कशाला तकलीफ करून घेता?"

रज्जाकभाई इतके हसले की त्यांनी चिमटा खाली ठेवला.

तर असा हा सौदा. अस्सल दुर्मिळ नाणं, टाकसाळीची चूक, शौकिनांनी ज्याच्यासाठी रांग लावावी असं, त्याचे चांदीपुरतेही आले नाहीत, कारण मावशींनी ते विकलंच नाही. आणि मी करवून आणलेल्या, एक मिनार बोथट असलेल्या पितळी नकलेनं मशीन आणलं. दिवाळीला दुकान उघडं होतं. मी गेलो तेव्हा मावशी पाटावर निवांत बसून पेढ्यावर ठसा मारत होत्या, उजव्याच हातानं. समोर बाबारावचं मशीन त्यांचा खवा फिरवत होतं आणि तो शेजारी बसून दात कोरत होता. मला एक पेढा फुकट मिळाला. कमिशन म्हणून एवढंच.

मी आता आमच्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. किंमत नाण्याला नसते. समोरच्याला ते कशासाठी हवंय, त्याला असते. आणि नकलेबद्दल तोंड उघडण्याआधी ती कुणाच्या खर्चानं झाली, हे आठवावं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण बाबारावनं दुकानावर बोर्ड लावला, 'असली चारमिनार पेढा'. मग मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, "उजव्या मिनाराचं टोक बघा. टोकदार असला तर आमचा. इस्वास न्हाई तर हिंगोलीच्या नाणेवाल्याला इचारा, त्यांनीच तपासलाय." आणि माझा नंबर द्यायला लागल्या.

आता ट्रॅक्टरवाल्या नोटा कमी झाल्या आहेत. त्यांच्या जागी सकाळी सकाळी मोबाइलवर पेढे येतात. परवा एका माणसानं औंढ्याच्या गल्लीतूनच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "साहेब, असली की नकली? गिऱ्हाईक थांबून राहिलंय."

मी भिंग काढलं. सवय जात नाही. मग डॉक्टरांची आठवण झाली आणि मी उत्तर लिहिलं, "दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा."

त्यानं पाठवले.